न केलेला वार

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही, आणि ज्याला सांगायला पाहिजे होतं त्याला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझे कोणी नाही. तुम्ही मला बरा म्हटलं काय अन् नालायक म्हटलं काय, मस्तगडातल्या या दुकानात मोटारी यायच्या थांबणार नाहीत. मन हलकं व्हावं म्हणूनही सांगत नाही. शेवटी मी रडणार नाही, माफी मागणार नाही. तसलं काही वाचायची आवड असेल तर इथंच थांबा — माझा आणि तुमचा, दोघांचा वेळ वाचेल.

गोष्ट एका खेळाची आहे. मोबाईलवरच्या. हसलात? हसा. तलवारी, राक्षस, जादूची जंगलं, आणि त्यात देशभरातले रिकामटेकडे आपापलं एकेक पात्र घेऊन हिंडणार. पात्र वाढवायचं असतं. डुकरं मारून, कुलपं फोडून, सांगितलेली कामं करून त्याची लेव्हल चढवत न्यायची. माझं पात्र चोराचं होतं — इंग्रजीत त्याला रोग म्हणतात. समोरासमोर लढायची त्याच्यात धमक नसते. तो गवतात गायब होतो, मागून येतो आणि पाठीत सुरा घालतो. पाठीतला वार दुप्पट लागतो. हा खेळाचाच नियम आहे, मी केलेला नाही.

पण खेळाचं सांगून मी उगाच वेळ काढतोय. आधी माणसं सांगितली पाहिजेत.

नंदूदादा माझा चुलतभाऊ, थोरल्या काकांचा मुलगा. काका हसनाबाद सोडून जालन्यात आले आणि मस्तगडात त्यांनी मोटार वायंडिंगचं दुकान टाकलं. विहिरीवरची मोटार जळाली की शेतकरी ती इथं आणतो. जळालेली तार काढायची, नवी गुंडाळायची, व्हार्निश पाजून वाळवायची. काकांच्या मागं दादा गल्ल्यावर बसला. पण दादाला तार कधी गुंडाळता आली नाही. ते काम आसिफचं. आसिफ दादाच्या वर्गातला, त्याच गल्लीतला, आणि हातात अशी सफाई की लोक गावातली दुकानं सोडून आमच्याकडं यायचे. पुढं दादाचा गल्ला, मागं आसिफची खोली, आणि मध्ये एक मळका पडदा. डबा दोघांचा एकच.

हा खेळ त्यांनी दोघांनी सुरू केला. दादाचं पात्र जखमा बऱ्या करणारं. त्याचं नाव आसिफनं ठेवलं होतं — हकीम. आसिफचं पात्र ढाल घेऊन पुढं उभं राहणारं. त्याचं नाव दादानं ठेवलं होतं — पाटील. पाटील पुढं मार खाणार, हकीम मागून त्याला बरं करणार. दिवसभर दोघं एकमेकांना त्याच नावांनी हाका मारायचे आणि खिदळायचे. गिऱ्हाईकाला काही कळायचं नाही, पण गिऱ्हाईकसुद्धा हसायचं.

आणि मी? मी हसनाबादला. आमची आणि काकांची जमीन लागून, विहीर सामायिक. काका शहरात गेल्यावर त्यांच्या वाट्याची कपाशीही आमच्याच गळ्यात पडली. शेतीची लाईट कशी येते ठाऊक आहे ना? एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीची पाळी वडिलांची, दिवसाची माझी. लाईट आली की मोटार चालू करायची, एक सरी भरली की दारं मोडून पाणी दुसऱ्या सरीत सोडायचं, आणि मधला सगळा वेळ बांधावर बसून राहायचं. ज्या कपाशीला मी पाणी देत होतो तिचा मालक जालन्यात पंख्याखाली बसून हकीम झाला होता.

एकदा बी-बियाणं न्यायला जालन्याला आलो होतो. दोघं मोबाईलवर जुंपलेले. मी म्हटलं, मलाही तुमच्या टोळीत घ्या. दादानं मान वरसुद्धा केली नाही. "तू दारं धर, बाळू. तेच जमतंय तुला," म्हणाला. आणि आसिफ हसला.

दादा बोलला ते मी गिळलं. तो मोठा भाऊ, बोलणारच. पण आसिफ का हसला? सख्खा चुलतभाऊ चिखलात उभा, आणि हा आमच्या काकांच्या दुकानात बसून हसतोय — कोण होता तो? असं मला वाटलं. अगदी याच शब्दांत वाटलं. त्याच्या आईनं मला लहानपणी कितीदा जेवू घातलं होतं, तेव्हा हा प्रश्न मला पडला नव्हता. आता पडला.

त्याच आठवड्यात बांधावर बसून मी माझा चोर तयार केला. नाव ठेवलं बोका.

हा भाग सांगताना मला अजूनही मजा वाटते. वाटू नये ना? पण वाटते, काय करू? सुरुवातीला बोक्याला उंदीरही मारता येत नव्हता. सरकारी कोठारात शिरायचा आणि उंदरांकडूनच मरायचा. मग मी शिकलो. पहारेकरी जांभई देतो तेवढ्यात खिसा कापायचा. कुलपाची कळ आवाजावरून ओळखायची. सुऱ्याला विष कुठल्या झाडाचं लावायचं, वाऱ्याच्या कुठल्या बाजूनं जायचं म्हणजे कुत्रं भुंकत नाही — सगळं शिकलो. इकडं सरी फुटून पाणी शेजाऱ्याच्या सोयाबीनच्या गंजीत शिरलं, वडिलांनी शिव्या घातल्या, मला फरक पडला नाही. लेव्हल चढत होती. दुसरे लोक टोळीनं चढतात, मी एकट्यानं चढवली. शाळेत नाही, शेतात नाही, पुढं या दुकानातही नाही — आयुष्यात मी फक्त एकाच कामात हुशार होतो, आणि ते काम हे होतं.

बोका पुरेसा वाढल्यावर मी हकीमला शोधायला निघालो.

तो नदीच्या उताराजवळ औषधी पाला तोडत होता. एकटा. पाटील सोबत नव्हता, कारण आसिफ पडद्यामागं मोटारीत हात घालून बसला होता. मी गवतातून गेलो, पाठीमागं उभा राहिलो, आणि मारला. हकीम तोंडावर पडला. थोड्याच वेळात माझा फोन वाजला. दादा! मला वाटलं, पकडलो. पण तो तक्रार सांगायला फोन करत होता — कुणीतरी भडव्यानं मागून मारलं म्हणून. मी विचारलं, "कोण असंल रे दादा?" विचारताना मोटार चालू होती, पाणी वाहत होतं, आणि मी इतका खूश होतो की पाय पाण्यात सोडून बसलो होतो.

त्यानंतर मी त्याला पुन्हा पुन्हा मारला. आता एक गोष्ट नीट समजून घ्या, सगळं त्यावर आहे. आमच्या भागात दिवसाची लाईट असली की मी बांधावर असायचो, म्हणजे बोका खेळात असायचा; रात्रीची असली की दिवसा शेतातली बाकीची कामं माझ्या अंगावर पडायची, मोबाईल हातात नसायचा. आणि दिवसाची लाईट असली की दाब कमी पडून मोटारी जळायच्या (रात्री तसं फारसं व्हायचं नाही), दुपारपासून त्या मस्तगडात यायच्या, आणि आसिफ पडद्यामागं जायचा. त्या एकाच लाईटनं आम्हा दोघांनाही कामाला लावलं होतं. दादाला मात्र एवढंच दिसत होतं — आसिफ समोर असला की चोर येत नाही, आसिफ पडद्यामागं गेला की येतो. पडदा बाजूला करून बघायला किती वेळ लागला असता? त्यानं नाही बघितलं.

हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा मी थांबू शकलो असतो. मी काय केलं? आसिफला एक सवय होती. मोटार तयार झाली, सुरळीत फिरली, की तिच्यावर थाप मारून तो म्हणायचा, "लो चाचा, बराबर!" साऱ्या मस्तगडाला हे ठाऊक. पुढच्या वेळी हकीम पडल्यावर बोक्यानं खेळातल्या चॅटमध्ये लिहिलं — लो चाचा, बराबर.

ते सहज लिहिलं गेलं, गंमत म्हणून, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो. सहज नव्हतं. लिहिण्याआधी मी दोनदा खोडलं होतं.

मग चांदीची काठी. हकीमला मिळणारी सगळ्यात मोठी वस्तू. सबंध पावसाळाभर दोघांनी मिळून त्या काठीसाठी खटपट केली होती. मिळाली त्या दिवशी दुकानात पेढे वाटले होते, म्हणजे बघा. मी ती चोरली. निषिद्ध जंगलात मेला की हातातली वस्तू खाली पडते. तिथंच गाठला, मारला, उचलली, आणि तीच ओळ लिहून गायब झालो. चोराला ती काठी वापरतासुद्धा येत नाही.

दादानं मला जालन्याला बोलावून घेतलं. तो दिवसाच्या लाईटचा आठवडा संपत आला होता, शनिवारी वडिलांना विहिरीवर बसवून मी आलो. दुकानात शिरलो तेव्हा पडदा खाली पडलेला होता आणि आसिफ त्याच्या खोलीच्या तोंडाशी उभा होता, कोपरापर्यंत व्हार्निशनं माखलेला.

"माझ्याच दुकानात बसून, गुपचूप दुसरं पात्र काढून माझ्याच पाठीत मारून राह्यला व्हय रे?" दादा ओरडत होता.

आसिफनं दोन्ही हात पुढं केले. "ह्ये हात बघ, नंदू. ह्या हातानं मोबाईल चालतो का?"

दादानं हात बघितले नाहीत. तो म्हणाला, "तुम्ही लोकं पाठीतच मारणार."

आसिफनं हात खाली घेतले. इतक्या वर्षांत ते दोघं एकमेकांना आईबहिणीवरून बोलले असतील, पण 'तुम्ही लोकं' हे त्या दुकानात मी पहिल्यांदा ऐकलं. दादालाही ते ऐकू आलं असावं, कारण तो लगेच माझ्याकडं वळला. "बाळू, तूच सांग. ह्योच हाय का न्हाई?"

माझ्या खिशात मोबाईल होता. मोबाईलमध्ये बोका होता, बोक्याच्या झोळीत काठी होती.

"मला बी तसंच वाटून राह्यलं, दादा," मी म्हणालो.

एवढं झालं की माणसं वाटेल तसं भांडतात आणि वेगळी होतात. आसिफ भांडला नाही. चिंधीला हात पुसत तो म्हणाला, "ठीक हाय. सोमवारी मी काम करत न्हाई. इथं गल्ल्यासमोर बसतो, मोबाईल तुझ्याकडं. तू हकीमला नदीवर उभा कर, एकटा. त्यो आला तर मी न्हाई, हे तुला मान्य करावं लागंल. दिवसभर न्हाई आला तर मंग मी जातो. मंजूर?" बोलत होता दादाशी, पण बघत होता माझ्याकडं.

दादा म्हणाला, मंजूर.

तर आता सोमवार. आतापर्यंत जे सांगितलं ते मी एखाद्या दारूच्या बैठकीत सांगूनही टाकलं असतं. लोक म्हणाले असते, काय बाळू, खेळात कसलं आलंय पाप? पाप नाहीच त्यात. हकीम पडायचा आणि पुन्हा उठायचा. मी सांगत नव्हतो ते सोमवारचं.

नवा आठवडा, पण लाईटनं पाळी बदलली नव्हती. वरच्या लाईनचं काम निघालं म्हणून हसनाबादला तोही आठवडा दिवसाचाच दिला होता. सकाळी लाईट आली. मी मोटार चालू केली, पहिल्या सरीला पाणी लावलं, बांधावर बसलो आणि खेळ उघडला. बोका गवतात होता. समोर नदीचा उतार, आणि पाण्यात घोट्यापर्यंत हकीम उभा. हातात साधी काठी. आजूबाजूला कोणी नाही. नुसता उभा. वाट बघत.

मी बोक्याला गायब ठेवूनच त्याच्या मागं नेला. इतका जवळ की हकीमच्या झग्यावरची नक्षी दिसत होती. आता फक्त बोट टेकवायचं. हकीम पडला असता, घटकाभरानं उठला असता, आणि तिकडं मस्तगडात गल्ल्यासमोर हात मांडीवर ठेवून बसलेला एक माणूस सुटला असता. मी कोण हे कुणालाही कळलं नसतं. हे लक्षात घ्या. मला पकडलं जायची काहीच भीती नव्हती. उलट देशातला कुठलाही ऐरागैरा चोर आला, असंच दादानं धरलं असतं. मी त्याला इतक्यांदा मारलं होतं. अजून एकदा मारायचं होतं, बस. माझ्या हातून होणारा तो एकच वार होता, ज्यानं कुणाचं तरी भलं झालं असतं.

मी बोट टेकवलं नाही.

घाबरून? नाही. विसरून? नाही. लाज वाटून तर मुळीच नाही. मला आसिफ त्या दुकानातून गेलेला पाहिजे होता. त्याची जागा मला पाहिजे होती. हकीमच्या मागं बोका उभा ठेवून मी दिवसभर बसलो. मध्ये उठून सरी बदलत होतो, परत येऊन बघत होतो. तो तिथंच असायचा. एकदा दादानं त्याला जरा इकडं-तिकडं वळवलं, बोका त्याच्याबरोबर वळला. जेवलो. पाणी शेवटच्या सरीपर्यंत पोचलं. त्या दिवशी एकही सरी फुटली नाही. वडीलसुद्धा म्हणाले, आज काम नीट केलंस.

लाईट गेली आणि थोड्या वेळानं फोन आला. "न्हाई आला, बाळू," दादा म्हणाला. "दिवसभर न्हाई आला." मला वाटलं होतं तो जिंकल्यासारखा बोलेल. तसा नाही बोलला. त्याला चोर यायला हवा होता, हे त्याच्या आवाजावरून कळत होतं. तरीही मी म्हणालो, "बघ. मी म्हणलं न्हवतं?"

आसिफनं आपली हत्यारं पिशवीत भरली आणि गेला. बोका त्यानंतर हकीमला कधी दिसला नाही. मी येऊच दिला नाही. दादा येईल-जाईल त्याला सांगायचा — तो गेला अन् चोर बंद झाला, आता अजून काय पुरावा पाहिजे? महिन्याभरात त्यानं खेळही सोडला. मग एकटा पडला म्हणून मला बोलावून घेतलं. मी दारं धरणं सोडलं ते कायमचं. आता मी बसतो ती खुर्ची पडद्याच्या जागी आहे. मागं दुसरा कारागीर ठेवलाय. त्याच्या मोटारी परत येतात.

एकदा, बऱ्याच वर्षांनी, तांब्याच्या तारेच्या कामानं तीर्थपुरीला गेलो होतो. बाजारात वायंडिंगचं दुकान दिसलं, आत आसिफ. केस पिकलेले. मी आत का गेलो, कशाला विचारता? बघायला गेलो. कसा राहतोय ते बघायला. वाईट राहत असता तर बरं वाटलं असतं की चांगला राहत असता तर, ते मला आजही सांगता येणार नाही.

त्यानं बस म्हटलं नाही. हातातली तार खाली ठेवली नाही. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "तुमच्याकडं दिवसाची लाईट असली की त्यो यायचा. रात्रीची असली की न्हाई. जळालेल्या मोटारीवरून मला बराबर कळायचं, कोणत्या गावाला कवा लाईट हाय."

मी म्हणालो, "मंग दादाला सांगितलं का न्हाई?"

"त्यानं मला विचारलं कुठं? तुला विचारलं." त्यानं तार ओढून घट्ट केली. "सोमवार मी उगाच न्हाई धरला. त्या आठवड्यात बी तुमच्याकडं दिवसाचीच लाईट राहणार होती, हसनाबादच्या गिऱ्हाइकानं सांगितलं होतं. तुझा मोबाईल तुझ्या हातात राहणार हे मला माहीत होतं." तारेचं टोक तोडलं. "मला वाटलं, तू येशील."

मग म्हणाला, "आता निघ. पुन्हा हिकडं येऊ नको." आणि माझ्याकडं पाठ करून तो कामाला लागला. मी त्या पाठीकडं बघत थोडा वेळ उभा राहिलो आणि निघालो.

बोका अजून आहे. झोळीत काठीही आहे. दादाला यातलं काही ठाऊक नाही. नवा कारागीर आला, नवं गिऱ्हाईक ओळखीचं झालं, की दादा चहा मागवतो आणि आसिफची गोष्ट सांगतो — भाऊ म्हणून जवळ केला आणि त्यानं पाठीत मारलं. सगळी सांगून झाली की खुर्चीकडं वळून विचारतो, "हाय का न्हाई, बाळू?"

मी मान हलवतो. कालही हलवली.